चैत्र आणि अंगणातील पुष्पसेवा

चैत्र शुद्ध प्रतिपदेला दारोदार गुढ्या उभ्या राहतात, कडुलिंबाच्या कोवळ्या पाल्याचा प्रसाद मुखी पडतो आणि शालिवाहन शकाच्या नव्या संवत्सरास आरंभ होतो. वेदकाळी या महिन्यास 'मधु' आणि पुढच्या वैशाखास 'माधव' अशी नावे होती. हे दोन्ही मिळून वसंत ऋतू. भगवंतांनी गीतेच्या दहाव्या अध्यायात आपल्या विभूती सांगताना ऋतूंमध्ये आपण वसंत आहोत असे म्हटले आणि त्यासाठी 'कुसुमाकर' हा शब्द योजिला. कुसुमाकर म्हणजे फुलांची खाण.

हा शब्द ऐकून कोणी भाविक आपल्या परसात डोकावला तर मात्र त्याचा थोडा हिरमोड होण्याचा संभव आहे. आपल्या दख्खनच्या पठारावर चैत्रात फुलतो तो रानातला पळस, पांगारा, काटेसावर. घरच्या बागेत मोगऱ्याचे दिवस असतात खरे. पण जास्वंद थकलेली, शेवंती वाळून गेलेली, पारिजातकाची पाने झडलेली आणि तुळशीच्या मंजिऱ्या तपकिरी झालेल्या, असेच दृश्य बहुधा दिसते. रानाला वसंत हा फुलण्याचा काळ, तर गृहस्थाच्या बागेला तो कष्टाचा काळ. श्रावणी सोमवारचा बेल, भाद्रपदातील चतुर्थीच्या दूर्वा, दसऱ्याचा झेंडू आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारची शेवंती या सर्वांची सिद्धता चैत्रातच करावयाची असते. आज सणाच्या निमित्ताने वाचकांपुढे आम्ही हेच निरूपण मांडणार आहोत. देवपूजेतील फूल ताम्हनात येते त्या क्षणी पूजा सुरू होत नाही. ती चार-सहा महिने आधी, हातात खुरपे घेतले तेव्हाच सुरू झालेली असते.

दवण्याचा मान

चैत्राचे देवाला प्रिय असे जे खास पान, ते दवण्याचे. संस्कृतात त्याला 'दमनक' म्हणतात. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी इ. स. १७९० च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'धर्मसिंधु' या ग्रंथात चैत्रातील दमनारोपणाचा विधी आला आहे. शुद्ध द्वादशीला विष्णूला आणि चतुर्दशीला शिवाला दवणा वाहण्याची रीत पंचांगांतूनही नोंदलेली असते. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरी येथे चैत्री पौर्णिमेला जोतिबाची यात्रा भरते, तेव्हा गुलालाच्या जोडीने भाविक दवणाच वाहतात.

या दवण्यापासून पहिला धडा घ्यावा. दवणा ही थंडीची वनस्पती आहे. आश्विन-कार्तिकात बी पेरले तर फाल्गुन-चैत्रात तो वाहण्याजोगा होतो. ज्याला दवण्याची आठवण चैत्रातच होते त्याला तो बाजारातूनच आणावा लागतो. बाजारातून आणण्यात दोष मुळीच नाही. माळी आणि गुरव यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरोघर बेलफूल पोचवून लोकांचे देवधर्म चालविले आहेत. परंतु स्वतःच्या हाताने वाढविलेल्या रोपाचे एकच पान वाहताना मनास जी तृप्ती होते तिला तोड नाही. तेव्हा या दवण्याच्या महिन्यात पुढच्या दवण्यासाठी वहीत एक ओळ लिहून ठेवावी आणि आजच्या कामास लागावे.

छाटणी : थोडी आणि वेळेवर

पहिले काम छाटणीचे. आमच्या सोलापूर जिल्ह्यात चैत्राच्या उत्तरार्धात पारा चाळीस अंशांकडे धावू लागतो. म्हणून छाटणी पाडव्याच्या मागेपुढेच उरकावी. ऊन फार तापल्यावर झाड उघडे केले तर खोडाला चटका बसतो.

जास्वंदीला फुले नव्या फुटव्यावर येतात, म्हणून तिला हलकी छाटणी मानवते. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि किडलेल्या फांद्या आधी काढाव्यात. त्यानंतर लांब वाढलेल्या फांद्यांचे शेंडे उतरवावेत. एकूण झाडाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा अधिक भाग एका वेळी कापू नये. काप घ्यावयाचा तो बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर आणि तिरका, म्हणजे नवी फांदी बाहेर वाढते व झाडाच्या पोटात वारा खेळतो. जाड फांदी कापली असेल तर कापावर बोर्डो मलम लावावा. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना आणि एक लिटर पाणी हे त्याचे प्रमाण. मोरचूद विषारी असल्याने तो मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यातच कालवावा आणि ते भांडे पुन्हा घरात वापरू नये.

मोगऱ्याची मुख्य छाटणी थंडीत होऊन गेलेली असते, कारण तिच्याच बळावर तो आता फुलत असतो. या महिन्यात त्याला कात्री लावावयाची ती केवळ एक बहर संपला म्हणजे. शेंड्याकडची दोन-तीन बोटे छाटली की पुढच्या बहराचे फुटवे येतात. गुलाबाची खरी छाटणी आपल्याकडे पावसाळा सरल्यावर, आश्विन-कार्तिकात करावयाची. सध्या वाळलेली फुले तेवढी काढावीत. सोनचाफ्याला उगीच हात लावू नये.

तुळशीच्या मंजिऱ्या मात्र अवश्य खुडाव्यात. मंजिरी पिकू दिली की रोपाची सारी शक्ती बियांत जाते आणि खोड लाकडासारखे होऊन रोप लवकर मावळते. कोवळी मंजिरी विष्णुपूजेत मोठ्या मानाची आहे, म्हणजे देवाची सेवा आणि रोपाची निगा एकाच खुडण्याने साधते. दोन-तीन मंजिऱ्या तेवढ्या बियांसाठी राखाव्यात. द्वादशीस तुळस न तोडण्याचा नेम आपल्याकडे आहेच. सोमवार, चतुर्थी, अमावास्या अशा दिवशी बेलही खुडत नाहीत, आदल्या दिवशीचा ठेवून वाहतात. रोपाला विसावा मिळावा म्हणून हे नेम झाले असे शास्त्राने कोठे म्हटलेले नाही, परंतु नेम पाळणाऱ्याच्या घरी रोपाला तो विसावा मिळतो, हे खरे.

माती, खत आणि आच्छादन

दुसरे काम मातीचे. वराहमिहिराची 'बृहत्संहिता' सहाव्या शतकातली. ज्योतिषाच्या या ग्रंथात 'वृक्षायुर्वेद' नावाचा स्वतंत्र अध्याय आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. मऊ भूमी सर्व वृक्षांना हितकर असते, तेव्हा तीत आधी तीळ पेरावेत आणि ते फुलावर आले की तेथेच मोडून मातीत मिळवावेत, हे भूमीचे पहिले कर्म होय, असे आचार्यांनी त्यात सांगितले आहे. आजचे कृषितज्ज्ञ ज्याला हिरवळीचे खत म्हणतात ते हेच. पावसाळ्यात अंगणाचा एखादा तुकडा मोकळा राहणार असेल तर हा प्रयोग जरूर करावा.

चैत्रात करावयाचे ते असे. प्रत्येक झाडाभोवती दोन-तीन बोटे खोल माती खुरपून मोकळी करावी. त्याहून खोल गेल्यास वरची बारीक मुळे तुटतात आणि उन्हाळ्यात तीच झाडाला जगवीत असतात. आळे खोडाशी नव्हे, फांद्यांचा घेर जेथे संपतो तेथवर रुंद करावे. प्रत्येक झुडपास घमेलेभर कुजलेले शेणखत आणि मूठ-दोन मुठी निंबोळी पेंड द्यावी. ताजे शेण घालू नये. त्याने उष्णता वाढते आणि वाळवी व हुमणी लागते. कुंडीतील वरची दोन बोटे माती काढून त्या जागी नवी माती व खत समभाग मिसळून भरावे. कोरड्या मातीत रासायनिक खत टाकण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

खत दिल्यावर आच्छादन. या दिवसांत अंगणात पाचोळ्याचा खच पडतो आणि सकाळी सकाळी तो पेटविण्याची वाईट खोड आपल्याला जडली आहे. जाळला तर धूर, आळ्यात पसरला तर सावली! पाचोळा, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्या यांचा दोन-तीन बोटांचा थर मातीवर द्यावा. खोडाला मात्र तो चिकटू देऊ नये, अन्यथा साल कुजते. पंढरपुरी श्रीविठ्ठलाला पाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत चंदनाची उटी लावण्याची परंपरा आहे. देवाला उन्हाचा ताप होऊ नये हा त्यामागचा भाव. झाडाच्या मुळांवरचा पाचोळा म्हणजे त्या मुळांची उटीच समजावी आणि तीही मृगाच्या पावसापर्यंत उतरवू नये.

जास्वंदीवर याच सुमारास पिठ्या ढेकूण येतो. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले आणि खोडावर मुंग्यांची रांग लागली की ओळखावे. फार माखलेली फांदी कापून दूर टाकावी, खतात घालू नये. उरलेल्या झाडावर संध्याकाळी एका लिटर पाण्यात चमचाभर कडुलिंबाचे तेल व थोडा साबण घोटून फवारावा. त्यानंतरचे दोन दिवस त्या झाडाची फुले देवाला घेऊ नयेत.

पाण्याचा प्रश्न

आता खऱ्या कठीण विषयाकडे वळू. वर उल्लेखिलेल्या अध्यायात नव्या लावलेल्या झाडांना ग्रीष्मात सकाळ-संध्याकाळ, थंडीत दिवसाआड आणि पावसाळ्यात माती सुकेल तेव्हा पाणी द्यावे असे सांगितले आहे. सल्ला उत्तम आहे, परंतु ज्या गावात नळाला चार दिवसांनी पाणी येते तेथे सकाळ-संध्याकाळ झारी कोठून भरावी? २०१६ साली एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. माणसे घागरीसाठी रांगेत उभी असताना फुलझाडांना पाणी घालणे हा धर्म की अधर्म, असा प्रश्न कीर्तनानंतर आम्हांस अनेकदा विचारला जातो.

आमचे उत्तर असे. पिण्याचे पाणी माणसाचे आणि जनावराचे, त्यावर फुलाचा हक्क नाही. पूजेत एखादा उपचार मिळाला नाही तर त्याच्या स्थानी अक्षता वाहण्याची सोय शास्त्रकारांनी मोठ्या करुणेने करून ठेविली आहे. अक्षता वाहिल्याने देव उणा मानीत नाही. परंतु घरात एकदा वापरलेले पाणी असतेच आणि ते मोरीतून वाहून जाते. फुलझाडांचा हक्क त्या पाण्यावर आहे.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही अकरा-बारा वर्षांचे होतो. आमच्या आजीने तेव्हा अंगणातील झाडांची प्रतवारी लावली होती. देवाच्या स्नानाचे तांब्याभर पाणी तुळशीला, तांदूळ-डाळी धुतल्याचे पाणी जास्वंदीला, भांडी विसळल्याचे दूर्वांच्या तुकड्याला. बाकी झाडांना तिने हात जोडले आणि सांगितले, तुमचे तुम्ही बघा. पारिजातक पाने टाकून उभा राहिला, कण्हेर तगून राहिली, गुलाब मात्र गेले. पाऊस पडल्यावर पारिजातक पुन्हा पालवला. त्या प्रतवारीत आजही फारसा बदल करावा असे आम्हांस वाटत नाही. पहिली तुळस, मग दूर्वा, मग एक जास्वंद व एक तगर. बेल, पारिजातक, कण्हेर ही झाडे एकदा मुळे धरली की थोडक्यावर निभावतात. गुलाब आणि शेवंती यांचा सोस पाणी मुबलक असेल तेथेच करावा.

थोडक्या पाण्याचा उपयोग वाढविण्याची जुनी युक्ती मडक्याची. न झिलई दिलेले मातीचे मडके झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. पाणी मडक्याच्या अंगातून झिरपत मुळांना मिळते, उन्हाने उडून जात नाही. मडके जुने होऊन झिरपेनासे झाले असल्यास तळाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात बसवावी. पाणी नेहमी पहाटे किंवा दिवस मावळल्यावर द्यावे. रोज थोडे शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी आळे भरून दिलेले पाणी खोल जाते आणि मुळेही त्याच्यामागे खोल जातात. कुंडीला मात्र हा नियम लागू नाही, तिला उन्हाळ्यात रोज लागते. साबणाचे दाट पाणी तुळशीला घालू नये. मोरीच्या वाटेवर कर्दळ, अळू आणि केळ लावली तर ती त्या पाण्यावर आनंदाने वाढतात आणि मखर सजविण्यासाठी उपयोगी पडतात.

कोणत्या सणासाठी कोणते काम

गृहिणींच्या सोयीसाठी चैत्रातील कामांचा सणवार मेळ येथे देतो.

शेवंती : फुलून गेलेली ताटे जमिनीलगत छाटून टाकावीत. बुडाशी मुनवे दिसतील ते मुळांसकट वेगळे करून सावलीतल्या वाफ्यात लावावेत आणि उन्हाळाभर जगवावेत. पावसाच्या आरंभी त्यांची रोपे जागेवर न्यावीत. मार्गशीर्षात देवीला घरची शेवंती मिळेल.

झेंडू : पाडव्याच्या तोरणातली टपोरी फुले फेकून न देता सावलीत वाळवावीत. त्यांतले भरलेले बी कागदाच्या पुडीत घालून, वर नाव लिहून, कडुलिंबाच्या सुक्या पानांत ठेवावे. आषाढात पेरले आणि चार आठवड्यांनी रोपे लावली तर दसऱ्याला तोरण घरचे. तोरण संकरित बियाण्याच्या फुलांचे असेल तर पुढची फुले अगदी तशीच येतील असे नाही.

दूर्वा : मुळांसकट उपटलेले काडे अंगणाच्या ओल्या कडेला दाबून लावावेत. उन्हाने वरचा भाग करपला तरी जमिनीतले काडे जिवंत राहतात. पावसाच्या आरंभी एकदा कापून टाकल्या की भाद्रपदात कोवळ्या, लुसलुशीत दूर्वा मिळतात.

बेल, पारिजातक, सोनचाफा : ही झाडे लावावयाची असतील तर लावण्याची घाई नको, खड्डे तेवढे आता खणावेत. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तीन-चार आठवडे उन्हात तापू द्यावा, म्हणजे मातीतली कीड मरते. मृगाआधी माती, शेणखत व थोडी निंबोळी पेंड यांनी तो भरावा आणि एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावावे. पारिजातकाखाली पुढेमागे फरशी घालू नये. खाली पडलेले फूल देवाला चालते असा मान मिळालेले ते झाड आहे, त्याची फुले झेलण्यासाठी पहाटे एक स्वच्छ धोतर पसरावे.

तुळस आणि गोकर्ण : दोन्हींचे बी आता जमवावे आणि ज्येष्ठात पेरावे. गोकर्णाचे कठीण बी रात्रभर पाण्यात भिजवून लावले तर लवकर उगवते.

एक सावधानता. कण्हेर आणि पिवळी बिट्टी या दोहोंची फुले देवाला प्रिय असली तरी त्यांचे सर्व अंग विषारी आहे. ज्या घरात रांगती मुले किंवा दारी बांधलेली जनावरे आहेत तेथे ही झाडे कुंपणापलीकडेच बरी. छाटणीनंतर हात धुवावेत आणि त्यांचा पाला गोठ्याकडे जाऊ देऊ नये.

परक्याच्या झाडाचे फूल

आमच्या आळीत एक वृद्ध बाई राहतात. एकट्याच असतात. टँकरमधून मिळणाऱ्या पाण्यातला आपला वाटा वाचवून त्यांनी दारातली एक जास्वंद आणि एक तगर जगविली आहे. पहाटे फिरावयास निघणारी मंडळी पिशव्या घेऊन येतात, आकडीने फांदी ओढतात आणि कळ्यांसकट झाड रिते करून जातात. एके दिवशी त्या आम्हांस म्हणाल्या, "बुवा, चोर म्हणावं तर ते देवालाच नेतात. गप्प बसावं तर माझा देव फुलावाचून राहतो. मी करू तरी काय?"

या मंडळींपैकी काहींना आपण विचारले तर ते शास्त्राचा आधार देतात आणि तो आधार खोटा नाही. गौतमाच्या धर्मसूत्रात गाईसाठी गवत, अग्नीसाठी इंधन आणि वेली-वृक्षांची फुले आपलीच समजून घेण्याची मुभा आहे. परंतु शास्त्राचे एक वाक्य घेऊन चालत नाही, त्याचे प्रयोजनही पाहावे लागते. त्याच सूत्रात फळांविषयी लगेच मर्यादा घातली आहे की कुंपण नसलेल्या झाडांचीच घ्यावीत. ज्या काळी वस्तीला लागून अरण्य होते आणि वेली आपोआप वाढत होत्या, त्या काळची ही मुभा. कोणी शिंपले नाही, कोणी राखले नाही, अशा फुलाविषयी ती बोलते. घागरीतल्या पाण्याचा घोट काढून जगविलेल्या झाडास ती कशी लागू व्हावी? ते फूल रानाचे नव्हे, त्या बाईंच्या तहानेचे आहे.

शिवाय कळी वाहू नये असाही संकेत आहे. चाफा आणि कमळ यांच्या कळ्या तेवढ्या त्यास अपवाद. मग कळ्यांनी भरलेली पिशवी कोणत्या देवाला पोचते? आम्ही या लेखातून हात जोडून विनंती करतो की मालकास विचारावे, आणि विचारून घेतलेल्या झाडावरही निम्मी फुले ठेवावीत. काही त्या घरच्या देवाला, काही फुलपाखरांना आणि मधमाश्यांना. त्याहून उत्तम म्हणजे या चैत्रात आपल्या दारी स्वतःची एक जास्वंद लावण्याची जागा नेमून खड्डा खणावा आणि पावसाळ्यात शेजाऱ्याकडून फुलाऐवजी फांदी मागून आणावी. फूल एका दिवसाचे, फांदी वर्षानुवर्षांची. ती द्यावयास कोणीही माळी मनाचा गृहस्थ नाही म्हणणार नाही.

निर्माल्य आणि गच्चीची बाग

वाहिलेले फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते. ते नदीत सोडण्याची रीत पडली, तेव्हा नदी वाहती होती आणि त्यासोबत प्लास्टिकची पिशवी नव्हती. उन्हाळ्यात चंद्रभागेचे वाळवंट उघडे पडते, तेव्हा काठाला साचलेले हार पाहून मन खिन्न होते. निर्माल्य पायदळी येऊ नये हा मूळ हेतू. तो घरीही पाळता येतो. अंगणाच्या कोपऱ्यात, जेथून कोणी जात-येत नाही अशा जागी, हातभर खड्डा करावा. हारांचे दोरे, तारा, चमकी काढून फुले-पाने त्यात टाकावीत, वर मातीचा पातळ थर द्यावा आणि मधूनमधून ओल ठेवावी. चैत्रात सुरू केलेल्या खड्ड्यात मृगापर्यंत बहुधा खत तयार होते. ज्या झाडाने फूल दिले त्याच्याच मुळाशी ते परत जाते, याहून पवित्र विसर्जन कोणते?

मुंबई-पुण्याच्या वाचकांना अंगण नाही हे आम्ही जाणतो. खिडकीच्या जाळीतही तुळस, एक जास्वंद आणि जाळीवर चढविलेली गोकर्णाची वेल एवढे सहज होते. तुळशीस बारा इंची, जास्वंदीस चौदा इंची कुंडी घ्यावी. सकाळचे चार तास ऊन मिळाले की पुरे. वैशाखातल्या दुपारी भिंत तापते, तेव्हा कुंडीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे. कुंडीखाली ताटली ठेवावी आणि साचलेले पाणी रोज ओतून टाकावे, म्हणजे डास होत नाहीत आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याच्या वाळवणावर पाणी ठिबकत नाही. देवाचे फूल शेजाऱ्याच्या त्राग्यावर वाढू नये.

संत सावता माळी ज्ञानदेवांचे समकालीन. माढा तालुक्यातील अरण येथे इ. स. १२९५ मध्ये ते समाधिस्थ झाले. पंढरी तेथून फार दूर नाही, तरी मळ्यातले काम हीच पूजा मानून ते तेथेच राहिले आणि पांडुरंग स्वतः त्यांच्या मळ्यात आला, अशी परंपरेची श्रद्धा आहे. कीर्तनात ही कथा सांगताना आम्हांस नेहमी वाटते की देव मळ्यात आला तेव्हा सावतोबांच्या हातात टाळ नसावा, खुरपे असावे आणि बोटांना ओली माती लागलेली असावी.

चैत्री एकादशीच्या वारीला जे निघाले असतील त्यांनी जरूर जावे. ज्यांना घरच्या कामामुळे जाता येत नाही त्यांनी सकाळी स्नानानंतर देवाच्या स्नानाचे पाणी तुळशीच्या मुळाशी घालावे, एका झाडाचे आळे खुरपावे आणि मूठभर पाचोळा त्यावर अंथरावा. नव्या वर्षात सर्वांच्या अंगणी पाणी पुरेसे असो, आणि प्रत्येकाच्या देवाला निदान एक फूल आपल्या हाताचे मिळो, हीच पांडुरंगाचरणी प्रार्थना.